लाकडाच्या स्टोव्हचा पंखा गार हवा का फेकतो? ब्लोअर कधी लावायचा, कधी बंद ठेवायचा

नोव्हेंबर लागला की न्यू इंग्लंडातल्या मराठी घरांमधून ठरलेली तक्रार येते. जुनं घर घेतलेलं असतं. दिवाणखान्यातल्या विटांच्या फायरप्लेसमध्ये आधीच्या मालकाने लोखंडी इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या पोटात बसणारा काचेच्या दाराचा स्टोव्ह, बसवलेला असतो. लाकडं आणली, जाळ केला, पंखा लावला, आणि झोत येतो तो गार. तासाभरात काच काळी, पहाटे एक निखारा शिल्लक नाही. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो पंखा बिघडलाय, दुसरा म्हणतो स्टोव्हच टाकाऊ आहे. बहुतेकदा दोघंही चुकतात. पंखा फार लवकर आणि फार जोरात लावलेला असतो, शिवाय लाकूड ओलं असतं. ही दोन कारणं वेगळी करून बघता येतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. ते केल्याशिवाय नवा पंखा मागवू नका.

पंख्याची हवा जाळापर्यंत जातच नाही

हिवाळ्यात भारतातून राहायला आलेले बाबा हमखास म्हणतात, "अगं, तो भाता लाव की, जाळ धरेल." त्यांचं काही चुकत नाही, आपल्याकडे ब्लोअर म्हणजे शेगडीच्या नाहीतर भट्टीच्या पोटात वारा घालणारा पंखा. इथला ब्लोअर विस्तवाला शिवतसुद्धा नाही. जाळाला लागणारी हवा वेगळ्या वाटेने आत येते आणि ती समोरच्या दांडीने कमीजास्त करतात. पंखा फक्त खोलीतली हवा खालून ओढतो, फायरबॉक्स (जाळ होतो ती लोखंडी पेटी) आणि बाहेरचं कवच यांच्यामधल्या पोकळीतून फिरवतो आणि वरच्या फटीतून पुन्हा खोलीत सोडतो.

आंघोळीचा तांब्याचा बंब ज्यांनी वापरलाय त्यांना हे लगेच कळेल. मधल्या नळकांड्यात विस्तव, भोवती पाणी. इथे पाण्याच्या जागी हवा आहे, एवढंच. बंब नुकता पेटवलाय आणि वरून गार पाणी ओतत खालची तोटी सोडली, तर घंगाळात कोमट पाणीच पडणार. पंखा उष्णता तयार करत नाही, तयार झालेली उचलून बाहेर आणतो. लोखंड तापलेलंच नसेल तर खोलीतली १७ अंशांची हवा १९ अंशांची होऊन अंगावर येते, आणि वाऱ्यामुळे ती आणखी गार लागते.

पण गार झोत हा त्यातला लहान त्रास. मोठा त्रास आत होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, लाकडी स्टोव्हच्या धुरावर १९८८ मध्ये पहिले नियम आणले आणि २०१५ मध्ये ते कडक केले. मे २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्टोव्हला धुरातल्या बारीक कणांची ताशी २ ग्रॅमची मर्यादा आहे. नेहमीच्या सरपणावर चाचणी घेतली असेल तर अडीच ग्रॅमची. एवढा कमी धूर सोडायचा तर तो आतच जाळून टाकावा लागतो. त्यासाठी फायरबॉक्सच्या वरच्या भागात साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. तिथे आडव्या नळ्या असतात, त्यांच्या छिद्रांतून तापलेली हवा येते आणि लाकडातून सुटलेला धूर तिथे पेटतो. ही अवस्था यायच्या आत तुम्ही पंख्याने भिंतींमधली उष्णता ओढायला लागलात की ती लांबते. तोवर न जळलेला धूर काचेवर बसतो आणि उरलेला वर जातो. चिमणीतल्या धुराचं तापमान १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्यातली वाफ आणि डांबरासारखे पदार्थ नळीच्या आतल्या बाजूला चिकटायला लागतात. तेच क्रिओसोट. चिमणीला आग लागते ती त्याच्यामुळे.

मग लावायचा कधी

बऱ्याच माहितीपुस्तिकांमध्ये अर्धा तास थांबा असं लिहिलेलं असतं. गार पडलेल्या स्टोव्हला खरं तर पाऊण तासही लागतो, कारण आतल्या विटा आधी स्वतः तापतात. म्हणून घड्याळापेक्षा जाळाकडे बघावं. सुरुवातीला ज्वाळा पिवळ्या, उंच आणि लाकडाला धरून असतात. मग लाकडाचे कंगोरे काळे पडतात आणि सालीखालचा भाग चौकोना-चौकोनांत तडकतो. या वेळी हवेची दांडी थोडी थोडी करत अर्ध्यावर आणली की खालच्या ज्वाळा मंदावतात, आणि छताजवळ, नळ्यांच्या छिद्रांपाशी, लाकडाशी काही संबंध नसल्यासारख्या अधांतरी ज्वाळा लवलवायला लागतात. एकदा ओळख पटली की हे दृश्य चुकत नाही. तेव्हा अंगणात जाऊन चिमणीकडे बघा. धूर दिसायला नको, फक्त वरची हवा थरथरताना दिसावी. कडाक्याच्या थंडीत पांढरी वाफ दिसते, पण ती हातभरावर विरून जाते. निळसर, करडा, छपरावर रेंगाळणारा असेल तर तो धूर.

आता पंखा लावा, आणि तोही सगळ्यात कमी वेगावर.

आकडा हवा असणाऱ्यांसाठी: स्टोव्हच्या माथ्यावर ३०० ते ३५० अंश फॅरनहाइट, म्हणजे १५० ते १७५ सेल्सिअस, झाल्याशिवाय पंखा नको. सुट्या उभ्या स्टोव्हवर चुंबकाचा थर्मामीटर चिकटवता येतो. इन्सर्टचा माथा फायरप्लेसमध्ये दडलेला असतो, तिथे वीसेक डॉलरची इन्फ्रारेड बंदूक कामाला येते. दाराच्या वरच्या काळ्या, बिनचकाकीच्या लोखंडावर नेम धरा आणि दर वेळी त्याच जागेवर. काचेवर धरू नका, तिथला आकडा या कामाचा नाही. पंखा चालू असताना हवेच्या फटीजवळचं लोखंड गार दाखवतं, हेही लक्षात असू द्या.

कॅटॅलिटिक स्टोव्ह असेल, म्हणजे धूर जाळायला आत कॅटॅलिस्ट नावाचा जाळीदार भाग असेल, तर नियम आणखी सोपा आहे. बायपास (धूर थेट चिमणीत सोडणारी झडप) बंद करून कॅटॅलिस्टच्या थर्मामीटरचा काटा 'चालू'च्या पट्ट्यात जाऊन स्थिरावेपर्यंत पंख्याला हात लावायचा नाही. कॅटॅलिस्ट साधारण ५०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे २६० सेल्सिअसच्या पुढेच काम धरतो.

लाकडं पुन्हा भरताना

इथे बहुतेकांचं चुकतं, कारण पंखा चालूच असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दार उघडून निखाऱ्यांवर तीन-चार गार, जाडजूड ओंडके टाकले की आतलं तापमान धाडकन उतरतं. वाळलेल्या लाकडातही पाचवा हिस्सा पाणी असतं, ते उकळून जायला उष्णता खर्च होते. त्याच वेळी पंखा जोरात चालू असेल तर स्टोव्ह दोन्हीकडून लुटला जातो. भरण्याआधी पंखा बंद करा, हवेची दांडी पूर्ण उघडा, निखारे पुढे ओढून घ्या, मग लाकडं ठेवा. वरच्या ज्वाळा परत दिसल्या की पंखा चालू. निखाऱ्यांची जाडी चांगली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत होतं. दार उघडताना पंखा बंद असण्याचा आणखी एक फायदा म्हणजे राख खोलीभर उडत नाही.

रात्री शेवटची लाकडं भरताना हीच घाई होते. भरलं, दांडी बंद केली, पंखा पूर्ण वेगावर टाकला आणि झोपायला गेलो, या क्रमाने सकाळी काळी काच आणि अर्धवट जळालेले कोळसेच मिळतात. झोपायच्या पाऊण तास आधी भरा. जाळ मार्गी लागला की मग पंखा कमी वेगावर ठेवून जा.

निखाऱ्यांवर आलेल्या स्टोव्हचं उलट आहे. धूर केव्हाच जळून गेलेला असतो, आता पंख्याने बिघडण्यासारखं आत काही उरलेलं नाही. उरलेली धग खोलीत आणायला हीच वेळ चांगली. पंखा चालू राहू द्या, बटण 'ऑटो'वर असेल तर लोखंड गार पडलं की तो आपोआप थांबेल.

वेग किती

माझं मत विचाराल तर अमेरिकेतल्या निम्म्या ब्लोअरचा वरचा अर्धा वेग कधी वापरायची गरजच नसते. वेग दुप्पट केला म्हणून उष्णता दुप्पट मिळत नाही. हवा लोखंडाजवळ कमी वेळ राहते, झोत कोमट होतो आणि आवाज मात्र वाढतो. हात फटीसमोर धरून बघा: कमी वेगावर चटका बसेल अशी हवा येते, पूर्ण वेगावर ती नुसती उबदार. ओक किंवा हिकरीची लाकडं ठासून भरलेली, बाहेर उणे १५ आणि स्टोव्ह पूर्ण भरात, तेव्हा मधला किंवा वरचा वेग ठीक आहे. स्टोव्ह जास्तच तापायला लागला, तुमच्या मॉडेलच्या मर्यादेकडे सरकतोय असं वाटलं, तर हवेची दांडी कमी करून पंखा पूर्ण वेगावर लावणं हा चांगला उपाय आहे. जोराच्या वेगाचा खरा उपयोग तिथे.

उलट टोकाची माणसंही भेटतात, विजेचं बिल वाचवायला पंखाच न लावणारी. ७५ वॉटचा पंखा चोवीस तास चालला तरी १.८ युनिट होतात. मॅसॅच्युसेट्समध्ये युनिटला ३० सेंटच्या आसपास पडतात, म्हणजे दिवसाला पन्नासेक सेंट. सुटा स्टोव्ह चारी अंगांनी धग सोडतो, त्याला पंखा नसला तरी चालतं. इन्सर्टच्या तीन बाजू विटांना लागून असतात. पंखा नसेल तर ती उष्णता भिंतीत जाते, आणि चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीवर असेल तर थेट अंगणात. इन्सर्टच्या वर, जुन्या फायरप्लेसच्या घशात, लोकरीसारखं रॉकवूल आणि पत्रा लावून वाट बंद केली आहे का ते बसवणाऱ्याला विचाराच. ती वाट उघडी राहिली की पंखा कितीही चांगला असो, निम्मी मेहनत वर जाते.

काच अजूनही काळीच? ही चाचणी करा

एक पूर्ण दिवस पंखा प्लगमधून काढून ठेवा आणि नेहमीसारखा स्टोव्ह चालवा. काच स्वच्छ राहिली तर दोष पंख्याच्या वेळेचा होता, वरचं सगळं पाळा. पंखा नसतानाही काळी झाली तर पंख्याला सोडा आणि लाकडाकडे वळा. अनुभव सांगतो की दुसरंच जास्त वेळा निघतं.

ऑक्टोबरात ट्रकभर येऊन पडणारं, वाळलेलं म्हणून विकलेलं लाकूड पुष्कळदा वाळलेलं नसतं. पिन टोचायचा मॉइश्चर मीटर घ्या. ओंडका ताजा फोडा आणि आतल्या नव्या पृष्ठभागावर, तंतूंच्या दिशेने टोचा. बाहेरून टोचलंत तर आकडा फसवा येतो. २० टक्क्यांच्या आत हवं. ओकला फोडून, रचून दोन उन्हाळे द्यावे लागतात. ॲश झाडाचं लाकूड त्यामानाने लवकर वाळतं, मेपलला साधारण एक वर्ष पुरतं. जाळात टोकाशी फेस येऊन चुर्र आवाज होत असेल तर मीटरचीसुद्धा गरज नाही. या हंगामापुरता उपाय म्हणून दाबलेल्या भुशाच्या विटा मिळतात, त्या निम्म्या मिसळून जाळा. माहितीपुस्तिकेत किती चालतात ते आधी बघा, कारण त्या फार तापतात.

पंखा सुरूच होत नाही, किंवा सारखा चालू-बंद होतो

बहुतेक ब्लोअरना स्नॅप डिस्क असते. जुन्या नाण्याएवढी चकती, दोन तारा, स्टोव्हच्या अंगाला पट्टीने किंवा चुंबकाने टेकलेली. तिच्या आतली पातळ धातूची वाटी तापली की टक्कन उलटते आणि वीज जोडते. नेहमीच्या चकत्या ११० किंवा १२० अंश फॅरनहाइटला जोडतात आणि साधारण २० अंश खाली आलं की तोडतात. बटण 'ऑटो'वर असेल तर पंखा हिच्या इशाऱ्यावर चालतो.

आता गंमत बघा. ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सिअस, नागपूरचा मे महिना. एवढ्याला पंखा सुरू होतो म्हणजे स्टोव्ह तयार झाला असं अजिबात नाही. चकतीचं खरं काम पंखा बंद करण्याचं आहे, म्हणजे रात्री विस्तव विझल्यावर तो गार हवा फिरवत बसू नये. सुरू कधी करायचा ते तुम्ही वेगाच्या बटणावर ठरवा: पेटवताना बटण बंद ठेवा, जाळ मार्गी लागला की फिरवा.

स्टोव्ह तापूनही पंखा ढिम्म असेल तर बटण 'मॅन्युअल'वर टाका. तिथे चालला तर मोटर ठणठणीत आहे, दोष चकतीचा. नवी मागवण्याआधी ती लोखंडाला नीट टेकली आहे का ते बघा. चुंबक घसरलेला असतो, पट्टी वाकलेली असते, किंवा मध्ये राख आणि धुळीचा थर असतो. स्टोव्ह गार असताना, प्लग काढून, फडक्याने पुसा आणि पट्टी थोडी आत वाकवा. तेवढ्याने झालं नाही तर नवी चकती वीस-तीस डॉलरला मिळते. जुनीच्या अंगावर छापलेला तापमानाचा आकडा बघून तीच घ्या.

पाच मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद असं होत असेल तर तो बिघाड नाही. जाळ लहान आणि वेग मोठा आहे. पंखा लोखंड गार करतो, चकती तोडते, लोखंड परत तापतं. वेग कमी करा, थांबेल. कधी कधी चकती पंख्याच्याच झोतात बसवलेली असते, तेव्हा जागा बदलावी लागते.

मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, हे बहुतेकदा थेट कमी वेगावर सुरू केल्यामुळे होतं. आधी पूर्ण वेगावर सुरू करा, मग खाली आणा. तरी अडखळत असेल तर चाकात केस अडकलेत. घरात कुत्रा-मांजर असेल तर हे दर वर्षी ठरलेलं. प्लग काढा, पंखा बाहेर ओढा, चाकाच्या पात्यांमधली धूळ मऊ ब्रशने सोडवून व्हॅक्यूमने ओढा. एका बाजूच्या पात्यांवर धूळ आणि दुसरी बाजू स्वच्छ राहिली तर चाक तोल सोडून थडथडतं, म्हणून अर्धवट काम करू नका. तेल घालायचं की नाही ते मोटरवर लिहिलेलं असतं. सीलबंद बेअरिंगमध्ये तेल घालून फायदा नाही.

फोडणीचा धूर आणि स्टोव्हचा धूर

ही आपल्या घरांची खास अडचण. दार उघडलं की धूर खोलीत येतो, आणि दोष पंख्यावर जातो. स्वयंपाकघरात बघा: मिरच्यांची फोडणी चालू आहे आणि हूड पूर्ण वेगावर आहे. मोठा हूड मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा बाहेर फेकू शकतो. बंदिस्त घरात तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते आणि सर्वांत सोपी वाट चिमणीची असते. लाकडं भरताना हूड, बाथरूमचा पंखा आणि कपड्यांचा ड्रायर बंद करा, किंवा स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ लावलेला असलाच पाहिजे, यात चर्चा नाही.

लांबच्या खोल्या गारच राहतात

त्या कामाला स्टोव्हचा ब्लोअर पुरत नाही. टेबलफॅन बोळात जमिनीवर ठेवा आणि त्याचं तोंड स्टोव्हकडे करा, कमी वेगावर. उलटं वाटतं खरं. पण गार, जड हवा खालून स्टोव्हच्या खोलीत ढकलली की गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप मागे खोल्यांत जाते. दाराच्या चौकटीला वर टिश्यूची पट्टी चिकटवा, ती कुठे झुकते ते दिसेल. एक सावधगिरी: थर्मोस्टॅट स्टोव्हच्याच खोलीत असेल तर त्याला घर गरम वाटतं, बॉयलर चालतच नाही, आणि फेब्रुवारीच्या एखाद्या कडक रात्री लांबच्या बाथरूमचे पाइप गोठतात. अशा रात्री बॉयलर दिवसातून काही वेळा मुद्दाम चालवा.

वीज गेल्यावर

२०११ च्या ऑक्टोबरअखेरच्या बर्फात झाडांवर पानं असतानाच फांद्या तुटल्या आणि कनेक्टिकट-मॅसॅच्युसेट्समधली कित्येक घरं आठवडाभर अंधारात होती. अशा वेळी स्टोव्ह पंख्याशिवाय चालतो, पण ठासून भरू नका. पंखा उष्णता उचलत नसल्यामुळे तेवढ्याच लाकडावर लोखंड जास्त तापतं. लहान भर, जास्त वेळा. वेगाचं बटण बंद करून ठेवा, म्हणजे रात्री दोनला वीज येऊन जाळ नुकता धरलेला असताना पंखा सुरू होणार नाही. बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्या; स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर या मोटरी घरघरतात आणि तापतात, आणि वेगाचं बटण नीट काम करत नाही. सुट्या स्टोव्हच्या माथ्यावर ठेवायचे, उष्णतेवरच फिरणारे विनातारेचे छोटे पंखे मिळतात. ते ब्लोअरची बरोबरी करत नाहीत, पण अंधारात तेवढीच हवा हलते. इन्सर्टवर मात्र त्यांना बसायला जागा नसते.